शेततळं हिरवं होऊन ड्रिपचा फिल्टर चोंदत असेल तर

निफाडकडे द्राक्षबाग आहे. उन्हाळ्यात शेततळं हिरवंगार व्हायचं, फिल्टर सारखा चोंदायचा, पहाटे मासे वर येऊन धापा टाकायचे. मोरचुदाने (कॉपर सल्फेट) शेवाळ मेलं, पण तळाशी कुजून त्यातलं फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खतच, पाण्यात उतरलं, पुन्हा हिरवं. नुसता वैताग!

आधी गोठ्याचं आणि बागेतून वाहून येणारं खताचं पाणी चर काढून वळवा. हे केल्याशिवाय पुढचं सगळं फुकट. मग मे महिन्यात तळं उपसून गाळ काढा, लाकडी फावड्यानेच. लोखंडी पात्याने तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटतो. गाळ बागेत पसरा, खतच ते. तळं पुन्हा भरल्यावर फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) तरंगत्या रिकाम्या ड्रमला बांधून पाण्याखाली दोनेक फुटांवर लटकवा: शेवाळाची साय वर राहते, गाळ खाली.