अ‍ॅनिमेशन ग्रुप प्रोजेक्टचे लीड झालात? आधी शॉट कापा

पहिल्या मीटिंगला सगळ्यांना एकदम सुचतं, कोणाला ड्रॅगन पाहिजे, कोणाला पाऊस, कोणाला शेवटी हजार लोकांची गर्दी. ऐकून घ्या सगळं, फक्त कॅल्क्युलेटर काढून ठेवा. 24 एफपीएसने (सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 चित्रं) 90 सेकंदांची फिल्म म्हणजे 2160 फ्रेम. टूडी असेल आणि एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरलं तरी 1080 ड्रॉइंग, तेही स्क्रीनवर एकच कॅरेक्टर असेल तर. हा आकडा बोर्डवर लिहा, ड्रॅगन आपोआप उडून जातो.

मग अ‍ॅनिमॅटिक. स्टोरीबोर्डची चित्रं टाइमलाइनवर टाका, डायलॉग फोनवर कोणाच्याही आवाजात रेकॉर्ड करा आणि बघा. काडीची माणसं असली तरी चालतंय. इथे कंटाळा आला तर फायनलला पण येणारच, रंग भरून तो जात नाही. आणि अ‍ॅनिमॅटिक लॉक झाल्याशिवाय कोणालाही की पोझला (हालचालीतल्या मुख्य पोझ) हात लावू देऊ नका. मी लावू दिला होता. टीममधल्या एकीने चार दिवस बसून जिना उतरायचा शॉट केला, प्रत्येक पायरीला कंबर नीट खाली बसतेय, हात कठड्यावरून घसरतोय, कमाल काम, आणि नंतर एडिटला बसल्यावर कळलं की तो सीनच नकोय. सांगायला मलाच जावं लागलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, बरोबरच होतं तिचं.

काम वाटायला एक साधी शीट पुरते, शॉट नंबर, किती फ्रेम, कोणाकडे, कुठवर आलं. एका शॉटला एकच मालक, 'दोघं मिळून बघतो' म्हणजे कोणीच बघत नाही. शॉटला 10, 20, 30 असे नंबर द्या म्हणजे मध्ये एखादा घुसवावा लागला तर 15 मोकळा असतो.

थ्रीडी असेल तर सगळ्यांचं घोडं रिगपाशी, म्हणजे कॅरेक्टर हलवायच्या सांगाड्यापाशी, अडतं. रिग करणारा परफेक्ट चेहरा बनवत बसतो आणि बाकीचे मोबाइल बघत. त्याला सांगा, नुसते हातपाय हलणारं कच्चं रिग आधी दे. ब्लेंडरमध्ये (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) कॅरेक्टर अपेंड, म्हणजे कॉपी, न करता लिंक केलं की मूळ फाइल बदलली तर शॉटमध्येही बदलतं, पण एकदा अ‍ॅनिमेशन सुरू झालं की रिगमधल्या कंट्रोलची नावं बदलायची नाहीत हे त्याला दोनदा बजावा.

दर दोन-तीन दिवसांनी असतील ते शॉट, अर्धवट का असेनात, अ‍ॅनिमॅटिकवर चढवून सगळ्यांनी एकत्र बघा. ब्लॉकिंगमध्येच (नुसत्या मुख्य पोझ लावल्या असतानाच) बोला, स्प्लाइन (मधली हालचाल गुळगुळीत) झाल्यावर कोणाला चूक सांगितली की जीवावर येतं. 'छान आहे पण काहीतरी मिसिंग वाटतंय' असला फीडबॅक देऊ नका प्लीज, 'फ्रेम 38 ला टाच घसरतेय' म्हटलं की माणूस जाऊन दुरुस्त करतो. आणि कोणी ग्रुपवर गायब झालं तर 'झालं का' विचारून काही होत नाही, बहुतेक वेळा ते कुठेतरी अडलेलं असतं आणि सांगायची लाज वाटत असते. शेजारी बसा, फाइल उघडायला लावा, नाहीतर त्याच्याकडचा मोठा शॉट काढून छोटा द्या.

रेंडरचा, म्हणजे मशीनने फायनल फ्रेम काढायचा, हिशोब पण आधीच करा. फ्रेमला 5 मिनिटं धरली तर 2160 फ्रेमला 180 तास, म्हणजे एका मशीनवर साडेसात दिवस! त्यामुळे मशीन वाटून घ्या, सगळ्यांचं ब्लेंडरचं व्हर्जन एकच ठेवा, टेक्स्चर (कॅरेक्टरवर चढवलेली रंगांची चित्रं) ब्लेंडर फाइलमध्येच पॅक करा नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर कॅरेक्टर गुलाबी दिसेल. थेट व्हिडिओ न काढता पीएनजी सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी इमेज) काढा, फ्रेम 700 नंतर मशीन बंद पडलं तर 701 पासून परत सुरू करता येतं. तरीही वेळ पुरत नसेल तर शीट उघडा आणि अजून दोन शॉट उडवा, आणि पहिला तुमचा स्वतःचा.