खुब्याचा सांधा बिघडला? आधी स्टिकर शोधा

आईचा कृत्रिम खुबा पुन्हा उघडायची वेळ आली, तेव्हा वकिलाआधी मी फाईल गाठली. ऑपरेशनच्या नोंदींत इम्प्लांटचा स्टिकर असतो: कंपनी, मॉडेल, लॉट नंबर. तो नसेल तर दावा लंगडा. केसपेपरच्या प्रती लेखी मागा. ७२ तासांत द्याव्या लागतात. काउंटरवरचा माणूस ‘साहेब नाहीत’ म्हणेल, तरी अर्जावर पोचेचा शिक्का घ्याच. काढलेला सांधा टाकू नका, हे सर्जनला आधीच लेखी कळवा. खरा साक्षीदार तोच.

मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूबद्दल थेट उत्पादकावर दावा करता येतो, डॉक्टरचा दोष नसला तरी. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते, वकील सक्तीचा नाही. तज्ज्ञ डॉक्टरचं मत मात्र मिळवा, नाहीतर समोरचे वकील सोलून काढतात. तक्रारीची मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर कारण पटवावं लागतं.

खुबा ‘एएसआर’ (जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचं धातूच्या सांध्याचं मॉडेल) असेल तर गोष्ट वेगळी. २०१० मध्ये परत मागवलेल्या त्या सांध्यांसाठी केंद्राने २०१८ मध्ये ३० लाख ते १.२३ कोटींचं भरपाईचं सूत्र ठरवलं होतं. वकिलाला ते आधी विचारा.