मजला चढवलेल्या, खोल्या जोडलेल्या जुन्या इमारतीची भूकंपासाठी तपासणी

भेगा मोजण्याआधी बांधकामाचा क्रम लावा. मूळ इमारत कुठपर्यंत होती, मागची खोली कधी काढली, मजला कधी चढवला, तळमजल्याची कुठली भिंत पाडली? मंजूर नकाशे, कराच्या पावत्या आणि घरातले जुने फोटो यांवरून बहुतेक साले लागतात. मग प्रत्येक मजला मोजून ट्रेसिंग पेपरवर काढा, प्रत्येक टप्प्याला वेगळा रंग द्या आणि कागद एकावर एक ठेवा. वरच्या कॉलमखाली खालचा कॉलम येत नसेल, तो नुसत्या बीमवर किंवा स्लॅबवर उभा असेल, तर पुढच्या तपासणीसाठी थांबू नका. स्ट्रक्चरल इंजिनीअरला लगेच बोलवा.

वाढलेल्या वजनाचा हिशेब घरीही होतो. २३० मिमी जाड, ३ मीटर उंच विटांची भिंत धावत्या मीटरला सुमारे १.३ टन भरते. १२५ मिमीचा स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातो आणि १००० लिटरच्या टाकीत एक टन पाणी असते. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात लागतो आणि वजन जितके उंचावर, तितका तो जास्त. हा सगळा भार शेवटी तळमजल्याच्या जुन्या कॉलमांवर येतो, आणि ते कमी मजल्यांसाठी बांधलेले असतात.

सर्वाधिक वेळ जोडावर घालवा. जुने आणि नवे एक तर पक्के एकजीव हवे, नाहीतर पूर्ण सुटे. अर्धवट चिकटलेला जोड सर्वांत वाईट. जोडावरचा गिलावा जोत्याजवळ, मध्ये आणि छताखाली, असा तीन ठिकाणी हातभर काढून पाहा. विटा एकमेकींत दाते घालून बसल्यात, की नवी भिंत जुन्या भिंतीला नुसती टेकली आहे? नव्या खोलीचे बीम जुन्या भिंतीत फक्त दोन-तीन इंच शिरलेले असतील, तर हादऱ्यात ते निसटू शकतात. भाग सुटे ठेवले असतील, तर फट मोजा, तीही वरच्या टोकाला, कारण इमारत तिथेच जास्त डुलते. काँक्रीट फ्रेमसाठी (कॉलम-बीमच्या सांगाड्यासाठी) आयएस ४३२६ हे भारतीय मानक मजल्यामागे २० मिमी फट धरते. चार मजल्यांना ८० मिमी झाली. टॉर्च लावून आत तार घाला. मसाला किंवा विटांचे तुकडे अडकलेले असतील, तर तिथे फट नाहीच असे समजा. दोन्हींचे स्लॅब वेगवेगळ्या पातळीवर असतील, तर धोका आणखी वाढतो, कारण एकाचा स्लॅब दुसऱ्याच्या कॉलमला मध्यावर धडकतो. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात शेजारच्या इमारती अशा एकमेकींवर आदळून फार नुकसान झाले.

जोडावरची भेग वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर नवा भाग बाहेर कलतोय का ते ओळंबा लावून पाहा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवा आणि त्यांच्यातले अंतर व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) दर महिन्याला, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा नोंदवा. पायाची खोली कळण्यासाठी जोडाजवळ खड्डा घ्या. एका वेळी एकच, कोपरा सोडून, आणि पाहून झाल्यावर लगेच ठोकून भरा.

मजला चढवताना सळया कशा जोडल्या, हा पुढचा प्रश्न. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया वर्षानुवर्षे पावसात गंजतात आणि मग त्यांच्यावरच कॉलम उभा राहतो. वरच्या कॉलमचा तळातला गिलावा आणि सळयांवरचे काँक्रीटचे आवरण एकाच बाजूने काढून पाहा: गंज किती, सळई सळईवर किती चढवली, रिंगा (उभ्या सळयांभोवतीची आडवी कडी) किती अंतरावर. तिथे रिंगा १०० मिमीपेक्षा जास्त अंतरावर नसाव्यात, आणि त्यांची टोके काटकोनात नव्हे, १३५ अंशांत आत वळवलेली असावीत. काटकोनातली टोके आवरण फुटताच उघडतात.

व्हरांडा कोंडला असेल, तर तिथले कॉलम नीट पाहा. ३ मीटरच्या कॉलमला दोन्ही बाजूंनी २ मीटरपर्यंत भिंत चिकटवून वर खिडक्या ठेवल्या, की मोकळा भाग १ मीटर उरतो. कॉलमचा ताठपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे तो २७ पट ताठ होतो आणि बाकीच्यांच्या वाट्याचा जोर स्वतःवर ओढून घेतो. मग त्या मीटरभरात फुलीसारखे तडे जातात. भिंत आणि कॉलम यांच्यात फट ठेवणे हा त्यावरचा उपाय. याच्या उलट, पार्किंगसाठी तळमजल्याच्या भिंती काढल्या, की तो मजला लुळा पडतो. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत असे मोकळ्या तळमजल्याचे अपार्टमेंट कोसळले, तेही भुजपासून २०० किलोमीटरहून दूर.

काँक्रीटच्या चाचण्या टप्प्याटप्प्याच्या वेगळ्या घ्या. जुन्या-नव्याची सरासरी निरुपयोगी आहे. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळीवरून मजबुती सांगणारे उपकरण) फक्त पृष्ठभाग सांगतो, आणि कार्बोनेशन झालेले, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कता गेलेले, जुने काँक्रीट त्याला खोटा चांगला आकडा देते. म्हणून सळया शोधून, त्या टाळून प्रत्येक टप्प्यातून किमान तीन कोअर (ड्रिलने कापलेले काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढा. ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फथेलिन (अल्कता दाखवणारे रसायन) शिंपडा. गुलाबी झाले तर सळईचे संरक्षण शाबूत, रंग आलाच नाही तर कार्बोनेशन तिथवर पोचले आहे.

जोड तोडायचा की बांधायचा, हे इंजिनीअरने संपूर्ण इमारतीचे गणित करूनच ठरवावे. फक्त नव्या भागाचे गणित मान्य करू नका. तोवर गच्चीवरची जादा टाकी उतरवा, सुटे कठडे आधाराला बांधा आणि आणखी एकही वीट वर चढवू नका.