आधी हँडल वळवा, मग जीपीएसचं कौतुक करा

तोरणमाळच्या घाटात एका डाव्या वळणावर समोरून जीप आली, म्हणून मी थांबलो. मग हँडल पार डावीकडे वळवून निघालो, तर गाडी आपोआप रेस झाली. मूठ मी फिरवलीच नव्हती. क्लच दाबला म्हणून मी वाचलो, गाडी मात्र कडेच्या नालीत आडवी. आदल्या रात्री जीपीएसची वायर लोंबू नये म्हणून मीच ती ॲक्सिलेटर केबलला प्लॅस्टिकच्या टायने आवळून बांधली होती. हँडल डावीकडे गेलं की वायर ताणायची, केबलचं कव्हर जागेवरून सरकायचं आणि आतली तार ओढली जायची.

धुळ्याहून दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा, इथवर काही जाणवलं नाही. जाणवणार कसं? आपल्याकडचे रस्ते सरळसोट, त्यावर हँडल पूर्ण वळतंच कुठे? घरातून गाडी काढताना वळलं असेल, पण तेव्हा इंजिन बंद होतं. परतताना शहाद्याच्या मेकॅनिकने टाय कापला आणि एवढंच विचारलं, "हँडल फिराई दखं का भाऊ?" नव्हतं बघितलं.

तर मोटारसायकलच्या हँडलवर जीपीएस बसवायची यादी. पाने, पेचकस, टेप, टाय हे तुमच्याकडे असेलच. ॲलन की, म्हणजे सहा कोनी खाचेच्या बोल्टची किल्ली, मात्र चांगली घ्या. जीपीएस हँडलला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या डब्यात येते ती मऊ असते, बोल्टचं डोकं गोल करून ठेवते, आणि मग तो बोल्ट काढायला वेगळा दिवस लागतो.

हँडलची जाडी क्लॅम्प घेण्याआधी मोजा. जाडी मोजायचा व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी गुंडाळा. घेर ६९ मिलिमीटरच्या आसपास भरला तर पाइप २२ मिलिमीटर जाडीचा, ८८ भरला तर २८ चा. काही गाड्यांचं हँडल मुठीपाशी २२ आणि मधे जाड असतं, म्हणून क्लॅम्प जिथे बसणार तिथेच मोजा. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर क्लॅम्प फिरत राहतो. मीटर आणि किल्ली झाकू नका.

क्लॅम्प हलकाच आवळा, त्यावर जीपीएस अडकवा आणि हँडल वळवा. पार डावीकडे, पार उजवीकडे. टाकीला लागतंय? ब्रेकची नळी दाबतेय? ही पहिली वेळ. अजून दोनदा सांगणार आहे, कंटाळू नका.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आणि जोडताना ती शेवटी जोडा. उलट केलंत तर पॉझिटिव्हवरचा पाना चेसिसला टेकला की ठिणगी. वीज थेट बॅटरीतून घेऊ नका, किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या तारेतून घ्या. नाहीतर आठवडाभर गाडी उभी राहिली की सकाळी किक मारत बसाल, आणि किक नसलेली गाडी असेल तर ढकलत. फ्यूज जिथून वीज घेतली तिथे, सुरुवातीलाच लावा. पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा चार्जर म्हणजे दहा वॅट, बारा व्होल्टच्या बाजूला जेमतेम एक अँपिअर. दोनचा फ्यूज पुरतो. "दहाचाच आहे, लाव" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आता वायर. एक टाय हँडलच्या पाइपला, पुढचा थेट टाकीखालच्या चेसिसला. मधे वायर मोकळी, सैल, छान वळसा घेऊन. ॲक्सिलेटर केबलला बांधायची नाही, क्लच केबललाही नाही. तिथे बांधली की दिसायला सुबक दिसते, मला माहीत आहे. मलाही दिसली होती.

टायची शेपटं कापण्याआधी गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रल, इंजिन चालू, स्लोवर. हँडल सावकाश पूर्ण डावीकडे न्या आणि कान द्या. मग उजवीकडे. आवाज तसूभर जरी बदलला, तरी टाय कापा आणि वायर पुन्हा बांधा. "एवढं चालतं" हे घाटात चालत नाही. इंजिन बंद ठेवून वळवलंत तर ते वळवणं धरू नका.

नकाशे घरीच उतरवून घ्या. सातपुड्यात मोबाइलची रेंज जाते. उपग्रह तुमची जागा सांगतील, पण खाली नकाशाच नसेल तर कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका. जीपीएसऐवजी फोन लावणार असाल तर थरथर शोषणारा माउंट घ्या. मोटारसायकलच्या कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो हे ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, तो फोन तापून बंद पडला तर माझ्याकडे येऊ नका.

बाकी पटकन. पडलं तर लोंबकळेल अशी दोरी. पावसाला झाकण. धुळ्याजवळच्या लळिंगपर्यंत एक फेरी, घरी येऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळा. चहाला थांबलात तर काढून खिशात. आणि निघायच्या सकाळी, बॅगा बांधून झाल्यावर, इंजिन चालू ठेवून पुन्हा एकदा हँडल. टँक बॅगही वायर दाबते.