युकुलेलेवर स्टाफ नोटेशन वाचायला शिकताना : सरगम जाणणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये युकुलेले हाती घेणाऱ्या अनेकांनी लहानपणी हार्मोनियमवर अलंकार वाजवलेले असतात, आणि काहींनी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक किंवा प्रवेशिका परीक्षाही दिलेल्या असतात. अशा विद्यार्थ्याला चार-सहा कॉर्ड लवकर जमतात, कानाने चालही उचलता येते; मात्र पाच रेषांवर लिहिलेली सुरावट समोर आली की तो थांबतो आणि टॅबकडे वळतो. टॅबमध्ये कोणत्या तारेवर कोणत्या फ्रेटवर, म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या पडद्यावर, बोट ठेवायचे हे कळते, पण स्वर किती काळ धरायचा हे बहुधा कळत नाही, त्यामुळे न ऐकलेली चाल केवळ टॅबवरून वाजवणे अवघड जाते. स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेषांवरच्या लेखनात, स्वर आणि काळ एकाच चिन्हात लिहिलेले असतात. सरगमचे ज्ञान असलेल्या माणसाला ते शिकणे वाटते तितके कठीण नाही. फक्त सरगमचा आधार कुठपर्यंत घ्यायचा आणि कुठे सोडायचा हे नीट समजून घ्यावे लागते.

सुरुवात तारा लावण्यापासून करावी. प्रचलित मिळवणीत चौथी तार जी, तिसरी सी, दुसरी ई आणि पहिली ए असते. हार्मोनियमच्या भाषेत या अनुक्रमे पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा होत. चौथी तार तिसरीपेक्षा खालच्या स्वराची नसून वरच्या स्वराची आहे, हे आधीच लक्षात ठेवावे. तिसऱ्या तारेचा सी सुमारे २६१.६ हर्ट्झचा, चौथ्या तारेचा जी सुमारे ३९२ हर्ट्झचा आणि पहिल्या तारेचा ए ४४० हर्ट्झचा असतो. पांढरी एकला सा मानले, तर चार खुल्या तारा प, सा, ग, ध असे बोलतात. वाचन शिकण्याच्या दृष्टीने ही मिळवणी फार सोयीची आहे, कारण पहिल्याच दिवशी बोट न ठेवता चार स्वर हाती असतात. नाशिकच्या थंडीत सकाळ आणि दुपार यांच्या तापमानात बराच फरक पडतो व तारांचा स्वर सरकतो, म्हणून वाचनाला बसण्यापूर्वी प्रत्येक वेळी ट्यूनरवर तारा तपासाव्यात. बेसूर वाद्यावर वाचन केल्यास चिन्ह आणि स्वर यांची चुकीची सांगड मनात बसते.

आता पाच रेषा पाहू. या रेषा म्हणजे तारा नव्हेत. टॅबमधल्या चार रेषा तारांच्या असतात, त्यामुळे टॅबची सवय असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. स्टाफमध्ये रेषा आणि त्यांमधल्या जागा दोन्ही स्वरांची स्थाने आहेत, आणि खालून वर जाताना रेषा, जागा, रेषा अशा क्रमाने एकेक स्वर चढत जातो. डावीकडे जे वळणदार चिन्ह असते त्याला ट्रेबल क्लेफ म्हणतात. त्याचा आतला वेढा खालून दुसऱ्या रेषेभोवती पडतो आणि ती रेषा जीची आहे असे सांगतो. हा जी म्हणजेच आपली खुली चौथी तार. सर्वांत खालची रेषा ई, म्हणजे खुली दुसरी तार. खालून दुसरी जागा ए, म्हणजे खुली पहिली तार. सी मात्र पाच रेषांच्या खाली, स्वतःच्या छोट्या आडव्या रेषेवर लिहितात, आणि ती खुली तिसरी तार होय. हे चार ठिपके नजरेत पक्के बसले की उरलेले स्वर त्यांच्या शेजारी सापडतात.

पहिला पाठ म्हणून मी भूप राग सुचवेन. सा रे ग प ध सां या आरोहात पांढरी एकवर सी, डी, ई, जी, ए आणि वरचा सी असे स्वर येतात; त्यांपैकी केवळ दोन स्वरांना बोट लागते. डी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मिळतो आणि सर्वांत खालच्या रेषेला खालून टेकून लिहिला जातो. वरचा सी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर मिळतो आणि खालून तिसऱ्या जागेत बसतो. परिचित अलंकार, जसे सा रे ग, रे ग प, ग प ध, वहीत पाच रेषा आखून स्वतः लिहून काढावेत आणि दुसऱ्या दिवशी त्या कागदावरून वाजवावेत. तयार म्युझिक बुक मिळाले नाही तर साध्या कोऱ्या वहीत तीन-चार मिलिमीटर अंतराच्या रेषा ओढल्या तरी पुरते. लिहिण्याचा हा भाग टाळू नये, कारण हाताने ठिपका नेमक्या जागी ठेवताना जे लक्षात राहते ते नुसते पाहून राहत नाही.

त्यानंतर एफ घ्यावा. तो दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर मिळतो आणि सर्वांत खालच्या जागेत लिहिला जातो. तो आला की दुर्गा रागाचे सा रे म प ध सां वाचता येतात. मग पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा बी, जो मधल्या रेषेवर असतो, जोडला की बिलावल थाटाचे सातही स्वर पूर्ण होतात. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला इथला गांधार थोडा चढा वाटेल. हा भास नाही. फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या स्वरव्यवस्थेत बसवलेले असतात आणि त्यांवरचा गांधार तानपुऱ्यात सहज ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा अंश) वर असतो. वाचनासाठी तो आहे तसाच स्वीकारावा, तार ओढून दुरुस्त करू नये.

इथपर्यंत सरगम उपयोगी पडते. यापुढे ती हळूहळू बाजूला ठेवावी लागते, आणि या सगळ्या शिक्षणातला हाच खरा कळीचा टप्पा आहे असे मला वाटते. आपला सा कोणत्याही पट्टीत बसतो. गायक काळी एक घेवो की काळी चार, लिहिलेला ग हा गच राहतो. भातखंडे पद्धतीतही लेखन साच्या संदर्भाने होते. स्टाफवरचा ठिपका मात्र ठरावीक पट्टीचा, ठरावीक उंचीचा स्वर असतो. समजा, चाल एफ मेजरमध्ये आहे, म्हणजे सा पांढरी चारवर आहे. क्लेफनंतर बीच्या रेषेवर एक फ्लॅटचे, म्हणजे स्वर अर्ध्याने उतरवणारे, चिन्ह दिसेल आणि प्रत्येक बी पहिल्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, म्हणजे काळी पाच म्हणून, वाजवावा लागेल. सरगम जाणणारा तो फ्लॅट पाहून लगेच कोमल स्वर समजतो, पण इथे तो शुद्ध मध्यम आहे. त्याचप्रमाणे जी मेजरमध्ये एफवर शार्प, म्हणजे स्वर अर्ध्याने चढवणारे चिन्ह, येतो, दुसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट दाबावा लागतो, आणि तो स्वर तीव्र मध्यम नसून शुद्ध निषाद असतो. म्हणून ठिपका पाहिल्यावर मनात प्रथम सा-रे-ग आणून मग फ्रेट शोधण्याची सवय लागू देऊ नये. ठिपका दिसताच बोट जागेवर जावे. सरगम नंतर, चाल समजून घेण्यासाठी मनात म्हणावी. सुरुवातीचे शार्प किंवा फ्लॅट संपूर्ण रचनेला लागू असतात, तर मध्येच एखाद्या स्वराच्या डावीकडे आलेले चिन्ह त्या बारपुरतेच, म्हणजे पुढच्या उभ्या रेषेपर्यंतच, टिकते.

कालमापन स्वतंत्रपणे शिकावे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांचा उत्तरायुष्यातला आश्रम नाशिकलाच होता, त्यांच्या स्वरलेखनात प्रत्येक स्वराखाली त्याची मात्रा दाखवणारे चिन्ह असते. स्टाफ नोटेशनमध्ये हेच काम ठिपक्याचा आकार करतो. पोकळ, दांडी नसलेला स्वर सामान्यतः चार मात्रांचा, पोकळ पण दांडी असलेला दोन मात्रांचा, भरीव आणि दांडी असलेला एका मात्रेचा, आणि दांडीला शेपटी असली किंवा दोन दांड्या आडव्या पट्टीने जोडलेल्या असल्या तर प्रत्येकी अर्ध्या मात्रेचा. त्यांना काही शिक्षक सेमीब्रीव्ह, मिनिम, क्रॉचेट, क्वेव्हर म्हणतात, तर काही होल, हाफ, क्वार्टर, एट्थ नोट म्हणतात. चिन्हे तीच आहेत. स्वराच्या उजवीकडे बिंदू असला की त्याचा काळ निम्म्याने वाढतो. सुरुवातीच्या दोन आकड्यांपैकी वरचा आकडा बारमधील मात्रा सांगतो आणि खालचा कोणत्या आकाराचा स्वर एक मात्रा धरायचा ते सांगतो. तीनतालाच्या सवयीने इथे ‘खाली’, म्हणजे टाळी नसलेली मात्रा, शोधू नये; प्रत्येक बारची पहिली मात्राच वजनदार असते. सहा-आठ असे लिहिलेले असेल तर ठेका दादऱ्याच्या तीन-तीनच्या विभागणीजवळ जातो.

नवीन ओळ प्रथम वाद्य खाली ठेवून वाचावी. मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला ६० ठोक्यांची गती लावून तोंडाने एक-अन्, दोन-अन् मोजत टाळीने फक्त काळ वाजवावा. गणेशोत्सवाच्या आधी ढोलपथकांच्या सरावात संध्याकाळी ठेका पायात भिनवलेल्या नाशिकच्या मुलांना ताल शिकवावा लागत नाही. त्यांना फक्त कागदावरचे आकार त्या ठेक्याशी जुळवायचे असतात. टाळी बिनचूक झाली की स्वरांची नावे मोठ्याने म्हणावीत आणि मगच वाद्य घ्यावे. वाजवताना नजर बोटांवर नव्हे तर कागदावर, आणि तीही वाजत असलेल्या स्वराच्या एक-दोन स्वर पुढे असावी. चूक झाली तरी मागे फिरू नये. थांबल्यामुळे ताल तुटतो आणि वाचनाचा सराव वाया जातो. एकच ओळ पाचव्यांदा वाजवताना आपण वाचत नसतो, पाठ म्हणत असतो, म्हणून रोज थोड्या पण नव्या ओळी घ्याव्यात.

एकच स्वर अनेक जागी मिळतो, हा युकुलेलेचा खास प्रश्न आहे. दुसऱ्या रेषेवरचा जी खुल्या चौथ्या तारेवरही मिळतो आणि दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरही. कागद यातले काही सांगत नाही. क्वचित वर्तुळात तारेचा क्रमांक दिलेला असतो. सावकाश, एकेरी सुरावट वाजवताना दुसऱ्या तारेवरचा जी घ्यावा, कारण शेजारच्या एफशी त्याचा नाद एकसारखा राहतो; सलग येणारे स्वर एकमेकांत मिसळून गुंजायला हवे असतील तेव्हा खुली चौथी तार घ्यावी. हा निर्णय वाजवण्यापूर्वी पेन्सिलीने लिहून ठेवणे चांगले.

सरावासाठी सोप्रानो रेकॉर्डरच्या प्राथमिक रचना उत्तम, कारण त्या सीपासून वर लिहिलेल्या असतात आणि पहिल्या पाच फ्रेटमध्ये बहुतेक बसतात. व्हायोलिनच्या रचना निवडताना सीच्या खाली जाणारे स्वर आहेत का ते पाहावे. चौथी तार जाड लावून एक सप्तक खाली, म्हणजे लो-जी मिळवणीत ठेवली, तर खालच्या जीपर्यंतचे स्वर, बी, ए आणि जी, वाजवता येतात. गिटारसाठी लिहिलेले नोटेशन प्रत्यक्षात एक सप्तक खाली वाजते आणि त्यातले खालचे स्वर युकुलेलेवर नसतात, त्यामुळे सुरुवातीला ते घेऊ नये. बॅरिटोन युकुलेलेची मिळवणी डी, जी, बी, ई अशी निराळी असल्याने वर सांगितलेल्या जागा तिला लागू पडत नाहीत. पहिल्या पाच फ्रेटमधले वाचन स्थिर झाल्यावर पहिल्या तारेवर वर सरकावे : पाचव्या फ्रेटवर डी, सातव्यावर ई, आठव्यावर एफ, दहाव्यावर जी, आणि बाराव्यावर ए, जो पाच रेषांच्या वर एका छोट्या आडव्या रेषेवर लिहिलेला असतो.