मेन बेअरिंग बसवायचं काम: गॅरेजमध्ये नवीन लागलेल्या पोरांसाठी

श्रद्धानंदपेठच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि वाडीच्या एका गॅरेजमध्ये लागलो, तर पहिले आठ महिने नुसते पार्ट धुतले. डिझेलचा ट्रे, ब्रश आणि मी. कायले शिकलो बे आपण एवढं, असं रोज वाटायचं. मग मे महिन्यात एक मारुती एस्टीम आली, १.३ पेट्रोल, गरम झाली की ऑइलचा लाइट लुकलुकायचा आणि चढावर लोड पडला की खालून जड ठोका, आणि इंजिन खोलल्यावर उस्ताद सहज बोलून गेले, "याची क्रँक तू बसव." क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरानं गोल फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, आणि तो ज्यात फिरते ते मेन बेअरिंग. नवीन पोरं हे काम म्हणजे पाना मारणं समजतात, मीही तेच समजत होतो, म्हणून लिहितोय.

मेन जर्नलवर, म्हणजे क्रँकचा जो गोल गुळगुळीत भाग बेअरिंगमध्ये फिरते त्यावर, चरे होते, ओव्हल (गोलपणातला फरक) ०.०१ मिमीच्या वर गेलेलं, म्हणजे पॉलिशवर भागणार नव्हतं. क्रँक ग्राइंडिंगला दिली, ०.२५ अंडरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी बारीक. (काउंटरवर जुने लोक याला अजून ‘टेन’च म्हणतात, दहा थाउ म्हणून, थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, गोंधळू नका.) या इंजिनाचं स्टँडर्ड मेन जर्नल ४५ मिमीच्या जरासं आत असते, तर ०.२५ नंतर ४४.७५ च्या आत यायला पाहिजे.

आता ऐका माझी फजिती. दुपारी दीड वाजता ॲक्टिव्हाच्या फुटबोर्डवर क्रँक ठेवून आणली, नागपूरचा मे म्हणजे सांगायला नको, लोखंड हाताला चटके देत होतं, आणि आल्याआल्या आतल्या खोलीतल्या लाकडी पेटीतून मायक्रोमीटर काढला आणि मोजायला बसलो. प्रत्येक जर्नल जाड! कुठं ०.०१, कुठं त्याच्याही वर. मी तावातावानं ग्राइंडिंगवाल्या भाऊंना फोन लावला की तुम्ही माल सोडला, घासणं कमी पडलं, परत घ्या. ते शांतपणे म्हणाले, "बाप्पा, सकाळी मोज, मग बोल." सकाळी मोजलं तर पाचही जर्नल बरोब्बर मापात. फोन करून माफी मागितली, ते हसले नुसते.

झालं काय होतं, तर स्टील एक अंश तापलं की मीटरमागे साधारण ११-१२ मायक्रॉन वाढते. ४५ मिमीचं जर्नल मायक्रोमीटरपेक्षा २५ अंश जास्त गरम असलं तर हिशोब करा, ०.०१३ मिमीच्या आसपास जाते. आणि जर्नल आणि बेअरिंगच्या मधे ऑइलसाठी जी जागा ठेवायची ती किती, तर या इंजिनात ०.०२ ते ०.०४. म्हणजे जवळपास अर्धी जागा नुसत्या उन्हानं खाऊन टाकली! त्यात याचा ब्लॉक, ज्यात क्रँक बसते, तो ॲल्युमिनियमचा, तो स्टीलच्या दुप्पट फुगतो. जगभर माप २० अंशावर धरतात, आपल्याकडे ते डिसेंबरच्या पहाटेच मिळेल, पण क्रँक, ब्लॉक आणि मायक्रोमीटर तिन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवले आणि सकाळी सातला मोजलं तरी काम होते. मी अजूनही तसंच करतो, गिऱ्हाईक कितीही घाई करून राहिला तरी.

फक्त क्रँक कूलरसमोर ठेवू नका. थंड होईल म्हणून मी ठेवली होती एकदा, तासाभरात ताज्या ग्राइंड केलेल्या जर्नलवर तांबूस डाग. ऑइल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची.

धुण्याबद्दल आता मी उस्तादांसारखाच बोलायला लागलोय. ग्राइंडिंगची बारीक भुकटी क्रँकच्या ऑइल होलमध्ये बसते, वरून कपडा फिरवून निघत नाही, लांब ब्रश आरपार घालून डिझेलनं, मग पेट्रोलनं, मग हवा मारायची, आणि हवा मारायच्या आधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडायचं. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचंही, म्हणजे आतल्या ऑइलच्या वाटांचंही, तेच. बेअरिंगचा वरचा थर मुद्दाम मऊ ठेवलेला असते, एखादा कण आला तर तो आपल्यात रुतवून घेते आणि क्रँकले वाचवते. पण त्यालाही मर्यादा आहे, मूठभर एमरी, म्हणजे घासायची भुकटी, थोडीच पचवणार.

शेल, म्हणजे बेअरिंगचे पातळ अर्धगोल तुकडे, ओळखायला सोपे. खाच आणि भोक असलेला वरचा, तो ब्लॉकमध्ये. साधा सपाट तो खालचा, कॅपमध्ये, म्हणजे बोल्टनं कसायच्या झाकणात. उलटं लावलं तर ब्लॉकचं ऑइल होल बंद, आणि मग इंजिन स्टार्ट झाल्यावर किती वेळ टिकेल ते देवालाच माहीत. म्हणून शेल बसवल्यावर प्रत्येक भोकात टॉर्च मारून पाहायचं, शेलचं भोक ब्लॉकच्या भोकावर आलं का. काही इंजिनात दोन्ही शेलले भोक असते, तेव्हा पुडक्यावर भरवसा ठेवू नका, डोळ्यानं बघा. आणि स्टँडर्ड मापाची क्रँक असली तर मारुतीच्या अशा इंजिनात क्रँकवर आणि ब्लॉकवर खुणा ठोकलेल्या असतात, त्या जुळवून शेलच्या कडेचा रंग निवडायचा, हिरवा, काळा, पिवळा, निळा किंवा बिनरंगी. एकेका रंगात फरक काही मायक्रॉनचाच, पण आहे.

पहिल्या दिवशी मी घाण केली ती शेलच्या पाठीमागे. मधल्या ३ नंबरच्या कॅपपासून सुरू केलं, प्रत्येक कॅप टाइट केली की क्रँक हातानं फिरवून बघायची, ३ ठीक, २ ठीक, ४ टॉर्कला (ठरलेल्या जोराला) कसली आणि क्रँक जाम! हातानं हलेना. मला घाम फुटला, एक पोरगा म्हणे कॅपचा बोल्ट थोडा ढिला ठेव, दुसरा म्हणे शेलले एमरी पेपर मार. उस्ताद चहाचा ग्लास ठेवून आले, काही न बोलता ४ नंबर खोलला आणि शेल उलटा करून माझ्या हातात दिला. पाठीवर गव्हाच्या दाण्याएवढा चकाकणारा ठिपका, आणि ब्लॉकमधल्या शेल बसायच्या खोबणीत वेस्टचा, म्हणजे पुसायच्या सुती चिंध्यांचा, एक धागा. एवढाच! तेवढ्या धाग्यानं शेल आतून फुगला होता. "वेस्ट कायले वापरतं, धुतलेली बनियान नाही का घरी?" एवढंच म्हणाले.

तर शेलची पाठ आणि खोबण दोन्ही कोरडी ठणठणीत पाहिजे, पाठीला ऑइलसुद्धा नाही. ऑइल फक्त आतल्या बाजूला. शेल दाबून बसवला की त्याच्या कडा खोबणीच्या केसभर वर राहतात, तेही कोणी कानशीनं घासून सपाट करू नका राज्या, तेवढं दबूनच शेल जागेवर घट्ट बसते आणि उष्णता ब्लॉकमध्ये जाते. जुन्या काळी व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतून निळा रंग लावून स्क्रेपरनं खरडून बेअरिंग बसवायचे, ती कला वेगळी, तिला मान आहे. आताच्या पातळ शेलवर ते चालत नाही. एमरी मारणाऱ्या मिस्त्रीपासून चार हात लांब राहा.

कॅपवर नंबर आणि बाण असते, बाण पुलीकडे. कॅपसकट ब्लॉक एका सरळीत बोअर केलेला असते म्हणून या कॅपची जागा त्या कॅपला चालत नाही. ऑइलची जागा मोजायला प्लास्टीगेज घ्या, म्हणजे दाबलं की चपटा होणारा प्लास्टिकचा बारीक धागा, हिरवा घ्या, ०.०२५ ते ०.०७६ मिमीपर्यंत दाखवते. कोरड्या जर्नलवर क्रँकच्या लांबीला समांतर तुकडा ठेवायचा, कॅप मॅन्युअलच्या टॉर्कला कसायची, खोलायची, चपटी झालेली रुंदी पाकिटावरच्या पट्टीला जुळवायची. मधे क्रँक फिरवली तर गेली मेहनत. आमचा आकडा ०.०३ च्या जवळ निघाला पाचही ठिकाणी, तेव्हा कुठं जेवायला बसलो.

थ्रस्टचे अर्धचंद्र, म्हणजे क्रँकले पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या, मधल्या बेअरिंगले दोन्ही बाजूला, खाचा बाहेर क्रँककडे. पुढेमागे प्ले (सरकायची मोकळीक) डायल गेजवर ०.१ ते ०.३ मिमीच्या आत बसला की झालं.

स्टार्ट करायच्या आधी फिल्टर ऑइलनं भरला, प्लग काढून सेल्फ मारत राहिलो, लाइट विझेपर्यंत. मग प्लग लावले. ५०० किलोमीटरला गाडी परत बोलावली, ऑइल काढलं, ट्रेमध्ये चुंबक फिरवला, पण बेअरिंगचा थर चुंबकाला लागत नाही, म्हणून फिल्टर करवतीनं कापून त्याचा कागद उन्हात उलगडून पाहिला. दोन-तीन बारीक चमकी होत्या. उस्तादांनी बोटावर घेतल्या, चोळल्या आणि म्हणाले, "पिस्टनच्या रिंगा बसून राहिल्या. बंद कर."