वाफेवरचं इंग्लिश पुडिंग घरी करताना

पुडिंग म्हटलं की आपल्याकडे कॅरॅमल घातलेलं, फ्रिजमध्ये गार केलेलं थरथरतं पुडिंग डोळ्यांपुढे येतं. इंग्लंडमधलं जुन्या वळणाचं पुडिंग याच्या अगदी उलट असतं. मैदा, चरबी, साखर आणि सुकामेवा भांड्यात बांधून दोन-दोन तास वाफवायचा आणि गरमागरम पुडिंगवर गरम कस्टर्ड ओतायचं. ते ओव्हनमध्ये जात नाही. ज्या घरात मोदकपात्र आहे तिथे हे पुडिंग होऊ शकतं.

या पुडिंगचा जीव सूएटमध्ये असतो. गाईच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची ही टणक चरबी साधारण 45 ते 50 अंश सेल्सिअसला वितळते. बटर त्याच्या कितीतरी आधी, 32 ते 35 अंशांतच वितळतं. सूएटचे कण पिठात जास्त वेळ घट्ट राहतात. ते वितळेपर्यंत भोवतालचं पीठ आकार धरायला लागतं आणि कणांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. पुडिंग हलकं होतं ते त्यामुळे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या शाकाहारी मंडळींना दुकानात व्हेजिटेबल सूएट मिळतं, फक्त डब्यावरचे घटक वाचून घ्या. महाराष्ट्रात वनस्पती तूप किंवा बटर फ्रीझरमध्ये दगडासारखं गोठवायचं, जाड किसणीवर किसायचं, चमचाभर मैद्यात घोळवायचं आणि पुन्हा दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायचं. हाताच्या उबेने कीस मऊ पडला तर पुडिंग तेलकट आणि दडस होतं, म्हणून पीठ सुरीने किंवा काट्याने कालवावं. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको.

सुरुवात स्पॉटेड डिकपासून, म्हणजे सुकी द्राक्षं घातलेल्या साध्या पुडिंगपासून करा. यात अंडं नाही आणि फेटाफेटीही नाही. साहित्य असं: मैदा 225 ग्रॅम, बेकिंग पावडर 3 सपाट छोटे चमचे, चिमूट मीठ, किसलेलं सूएट किंवा गोठवलेलं बटर 115 ग्रॅम, साखर 75 ग्रॅम, बेदाणे 115 ग्रॅम, थोडी लिंबाची किसलेली साल, गार दूध 150 मिली. मूळ कृतीत करंट्स, म्हणजे बारीक काळी सुकी द्राक्षं असतात. तासगावचे बेदाणे दोन-दोन तुकडे करून घातले तरी चव छान येते. अख्खे घातले तर ते जड होऊन तळाशी बसतात. आपल्या कागदी लिंबाची साल कडू असते, तेव्हा वरचा रंगीत पापुद्रा तेवढाच, अर्ध्या लिंबाचा, किसून घ्या.

एक लिटरच्या भांड्याला आतून भरपूर बटर लावा आणि तळाशी बटर पेपरची गोल चकती टाका. इंग्लंडमध्ये यासाठी जाड काठाचं चिनी मातीचं बेसिन वापरतात. काठ बाहेर वळलेला स्टीलचा उभट डबाही चालतो, कारण दोरा अडकायला काठ हवा. वाफेचं पाणी आधी उकळायला ठेवा आणि मगच पीठ कालवा. बेकिंग पावडरला ओल लागली की ती कामाला लागते, त्यामुळे भिजवलेलं पीठ ओट्यावर पडून राहिलं की तिचा जोर निघून जातो. सगळे कोरडे जिन्नस एकत्र करून दूध घाला. पीठ चमच्यावरून एका झटक्यात थपकन पडेल इतपत सैल हवं. मळू नका, मळलं की चिवट होतं. भांडं पाऊण भरलं की थांबा.

बहुतेकांचं पुडिंग बिघडतं ते झाकण बांधताना. बटर पेपर आणि फॉईल एकावर एक ठेवा आणि मधोमध अडीच-तीन सेंटिमीटरची चुणी घाला. पुडिंग फुगलं की ती चुणी उलगडते. चुणी नसेल तर पुडिंग वर दाबलं जातं किंवा कागद फाटतो. पेपरची बाजू आत, त्यालाही बटर. काठाखाली सुती दोरा दोन वेढे घट्ट आवळून बांधा आणि त्याच दोऱ्याची वरून मूठ करा, म्हणजे गरम भांडं उचलता येईल. खाली लोंबणारा कागद कापून टाका आणि फॉईल वर दुमडून घ्या. कागदाचं टोक पाण्यात राहिलं तर ते वातीसारखं पाणी ओढतं आणि पुडिंगचा माथा चिकट लगदा होतो.

मोठ्या पातेल्यात रिंग किंवा उलटी ताटली ठेवून त्यावर भांडं ठेवा. पाणी भांड्याच्या निम्म्यापर्यंत, उकळतं. घट्ट झाकण लावा आणि मंद उकळीवर पावणेदोन तास वाफवा. पातेल्याच्या तळाशी एक नाणं टाकून ठेवा. पाणी आहे तोवर ते खडखडत राहतं. आवाज बंद पडला की पाणी आटलं किंवा उकळी थांबली, हे दुसऱ्या खोलीतूनही कळतं. पाणी वाढवायचं ते उकळतंच. गार पाणी ओतलं तर वाफ तुटते, अर्धवट फुगलेलं पुडिंग बसतं आणि ते पुन्हा वर येत नाही. चिनी मातीचं भांडं असेल तर तडकतंही. प्रेशर कुकर वापरलात तर शिट्टी काढून ठेवा आणि दर वीस मिनिटांनी पाणी बघा, तिथे ते भराभर आटतं.

वेळ झाली की फॉईलमधूनच बारीक सळई खुपसून बघा. ओलं पीठ लागलं तर आणखी वीस मिनिटं द्या. जास्तीच्या वाफेने हे पुडिंग सहसा बिघडत नाही, कमी वाफेने हमखास बिघडतं. उतरवल्यावर पाच मिनिटं थांबा, कडेने सुरी फिरवा आणि ताटलीवर उलटं करा. वरून ते फिकट दिसेल. वाफेवर ते खरपूस होणार नाही, त्याची काळजी नको.

दुसरं सिरप स्पंज पुडिंग. दोन अंडी टरफलासकट तोला, साधारण 110 ग्रॅम भरतील. तेवढंच मऊ बटर, तेवढीच साखर आणि तेवढाच मैदा घ्या, मैद्यात दीड छोटा चमचा बेकिंग पावडर. बटर-साखर पांढरट होईपर्यंत फेटा, अंडी एकेक करून घाला, मैदा हलक्या हाताने मिसळा आणि एक-दोन मोठे चमचे दूध घाला. भांड्याच्या तळाशी तीन मोठे चमचे गोल्डन सिरप, म्हणजे साखरेचा घट्ट सोनेरी पाक, आणि चमचाभर लिंबाचा रस. सिरप नसेल तर काकवी आणि मध निम्मे-निम्मे घ्या. नुसती काकवी उग्र लागते. हे दीड तास वाफवायचं. उलटं केलं की सिरप वरून ओघळतं, म्हणून खोलगट ताटली घ्या.

कस्टर्डसाठी अर्धा लिटर सायीचं दूध गरम करा. 4 बलक, 40 ग्रॅम साखर आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घोटून त्यावर ते हळूहळू ओता. पुन्हा मंद आचेवर ठेवून, चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत ढवळत राहा. अंडं चालत नसेल तर कस्टर्ड पावडरच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती बनवली तीच मुळी पत्नीला अंडं सोसत नव्हतं म्हणून. अर्ध्या लिटरला दोन मोठे चमचे पावडर, दोन साखर. फ्रूट कस्टर्डपेक्षा पातळ ठेवा आणि गरमच वाढा.

हे दोन्ही हातात बसले की ख्रिसमस पुडिंगकडे वळा. पद्धत तीच, पण मोठ्या भांड्याला आठ तास वाफ लागते. त्याचा काळसर रंग गडद साखरेचा आणि त्या लांबलचक वाफेचा. इंग्लंडमध्ये ते ॲडव्हेंटच्या (ख्रिसमसआधीच्या साधारण चार आठवड्यांच्या काळाच्या) आधीच्या रविवारी कालवतात आणि ख्रिसमसच्या दिवशी पुन्हा दोन तास वाफवतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते बाहेर ठेवू नका, बुरशी येते. कागद बदलून फ्रिजमध्येच ठेवा.

स्पॉटेड डिक उरलंच तर दुसऱ्या दिवशी बोटाएवढ्या जाडीचे काप करा आणि तव्यावर बटरमध्ये दोन्ही बाजूंनी लालसर परता. वरून थोडी साखर भुरभुरा.